पाठ केलेलं पक्कं केव्हा होतं?

प्रश्न असा आला आहे: राज्यसेवेचा अभ्यास चालू आहे. रात्री जागून इतिहासाचं एखादं प्रकरण पाठ केलं की दुसऱ्या दिवशी घडाघडा म्हणता येतं, पंधरा दिवसांनी मात्र पाटी कोरी. मग वाचलेलं मेंदूत कायमचं नेमकं केव्हा बसतं, कुठे बसतं, उजळणी किती दिवसांनी करावी, आणि पहाटे उठून केलेला अभ्यास जास्त टिकतो हे खरं का?

आधी मुद्द्याचं. वाचताना आठवणीची फक्त सुरुवात होते. ती पक्की होते नंतर, पुस्तक मिटल्यावर, तुमचं तिकडे लक्षही नसताना. स्लॅब ओतल्या ओतल्या त्यावर भिंत चढवत नाहीत, आधी कित्येक दिवस पाणी मारतात. तसंच हे आहे. मेंदूत हे पक्कं होण्याचं काम तीन ठिकाणी, तीन वेगांनी चालतं. एक सिनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यावर, काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत. दुसरं झोपेत. तिसरं हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूचा नवी आठवण टिपणारा भाग, आणि कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, यांच्यात, कित्येक आठवडे, कधी वर्षानुवर्षं. रात्रभर जागणारा पहिलं काम उरकतो, दुसरं स्वतःच्या हाताने बुडवतो, आणि तिसऱ्यासाठी फारसं काही शिल्लकच राहत नाही.

हे काम नंतर होतं याचा पुरावा जुना आहे. १९०० साली जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये म्युलर आणि पिल्झेकर यांनी लोकांकडून निरर्थक अक्षरांच्या जोड्या पाठ करून घेतल्या. पहिली यादी संपताच दुसरी हातात दिली तर पहिली जास्त विसरली जायची. मध्ये उसंत दिली तर नुकसान कमी व्हायचं. इस्पितळात हेच वेगळ्या रूपात दिसतं. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर आल्यावर घरून निघाल्याचं सांगतो, पंपावर पेट्रोल भरल्याचंही सांगतो, त्यापुढे काही नाही. लहानपण, लग्न, कालचं जेवण सगळं शाबूत. गेलेली असतात ती धडकेआधीची काही मिनिटं, कारण त्यांची आठवण पक्कीच झालेली नव्हती. कितीही खोदून विचारलं तरी ती परत येत नाहीत. उलट नातेवाइकांनी चार वेळा प्रसंग सांगितला की त्या जागी ऐकीव आठवण तयार होते आणि माणूस ती स्वतःची म्हणून सांगू लागतो.

कुठे बसतं, याचं उत्तर हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाने दिलं, तेही नकळत. फिट्स कोणत्याच औषधाने थांबेनात म्हणून १९५३ साली हार्टफर्डमध्ये विल्यम स्कोव्हिल या सर्जनने त्याच्या दोन्ही कानशिलांमागचा, टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा गेला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. फिट्स कमी झाल्या, बुद्धी जागेवर राहिली, बोलणं व्यवस्थित. पण भेटून गेलेला माणूस काही मिनिटांनी परत आला तर तो त्याला नवखा. बालपणातलं आठवत होतं, नवीन काही साठत नव्हतं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज त्याचा हात सुधारत गेला आणि रोज तो म्हणायचा, हे आपण पहिल्यांदाच करतोय. यातून दोन गोष्टी उघड झाल्या. प्रसंग आणि माहिती यांची नवी आठवण तयार करायला हिप्पोकॅम्पस लागतो, पण फार जुनी आठवण त्याच्याविना टिकू शकते. आणि हाताला बसलेली सवय, म्हणजे पोहणं, टायपिंग, हार्मोनियमवरची बोटं, हा वेगळा कारभार आहे. तो बेसल गँग्लिया आणि सेरेबेलम हे मेंदूचे दुसरे भाग बघतात. म्हणून पुढचं सगळं माहितीच्या आठवणीबद्दल आहे, सायकलबद्दल नाही.

आता सिनॅप्स जरा जवळून पाहू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पहिली पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते. समोरच्या पेशीच्या फांदीवर काट्यासारखे बारीक उंचवटे असतात, त्यांवर ग्लुटामेट घेणारी दोन प्रकारची दारं असतात. आम्पा रिसेप्टर लगेच उघडतो, सोडियम आत येतो, पेशी थोडी उत्तेजित होते. दुसरं दार एनएमडीए रिसेप्टरचं. त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो. नुसतं ग्लुटामेट येऊन चिकटलं तरी दार बंदच. पेशी त्याच क्षणी बऱ्यापैकी उत्तेजित असेल तरच मॅग्नेशियम बाहेर फेकला जातो आणि कॅल्शियम आत शिरतं. म्हणजे संदेश पाठवणारी आणि घेणारी, दोन्ही पेशी एकाच वेळी जाग्या हव्यात. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये तर्काने मांडलेली अट या एका रेणूत प्रत्यक्ष बसवलेली आहे.

कॅल्शियम किती आणि कसं आलं यावर पुढचं ठरतं. झटक्यात भरपूर आलं तर सांधा मजबूत होतो, थोडं थोडं रेंगाळत आलं तर उलट सैल पडतो. भरपूर आलं की कॅम-के-टू हे एन्झाइम चालू होतं. त्याची बारा एककं एकमेकांना फॉस्फेट जोडतात, त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही ते काही काळ चालूच राहतं, आणि सांध्यावर जास्तीचे आम्पा रिसेप्टर आणून बसवले जातात. पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटला जास्त प्रतिसाद मिळतो. टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी भूल दिलेल्या सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ही वाढ तासन्‌तास टिकलेली दाखवली. तो निबंध १९७३ चा. पुढे १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत एनएमडीए रिसेप्टर बंद करणारं औषध सोडलं, तेव्हा गढूळ पाण्याच्या हौदात लपवलेला चौथरा कुठे आहे हे शिकणं त्यांना जमेना.

एवढ्याने आठवण टिकते किती? जेमतेम एक ते तीन तास. आतापर्यंत पेशीने घरातल्याच मालाची जुळवाजुळव केली आहे. दिवसांच्या हिशेबात टिकायचं तर नवी प्रथिनं लागतात. त्यासाठी संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, क्रेब नावाचं प्रथिन काही जनुकं चालू करतं, नवा माल तयार होऊन सांध्यावर येतो, काटा आकाराने वाढतो, काही ठिकाणी नवे काटे फुटतात. एरिक कँडेल यांनी हे समुद्री गोगलगायीत उलगडलं आणि २००० चं नोबेल मिळवलं. सोनेरी माशांवरचा ॲग्रनॉफ यांचा प्रयोग त्याहून आधीचा, १९६० च्या दशकातला. शिकवून झाल्याबरोबर प्रथिननिर्मिती रोखणारं प्युरोमायसिन टोचलं की मासे काही दिवसांनी सगळं विसरलेले असत. तेच इंजेक्शन तासाभराने दिलं तर काही बिघडत नसे. शिकणं दोन्हीकडे सारखंच, टिकणं वेगळं. तासभर लक्षात राहणं आणि महिनाभर लक्षात राहणं यांचं रसायनच निराळं आहे. म्हणून वाचल्या वाचल्या सगळं येतंय या समाधानावर विसंबू नका, तो पहिल्या टप्प्याचा निकाल असतो.

यातूनच घोकंपट्टीचा हिशेब निघतो. एकच परिच्छेद लागोपाठ वीस वेळा वाचला तर पहिल्या दोनतीन वेळांनंतर सांध्यावर नवीन काही घडत नाही, कारण ती यंत्रणा पुन्हा सज्ज व्हायला वेळ घेते. उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांवर २०१२ मध्ये हे मोजलं गेलं. एका उत्तेजनानंतर दहा मिनिटांनी दुसरं दिलं तर भर पडत नाही. तासाभराने दिलं तर पहिल्या वेळी न जागलेले सांधेही सामील होतात. काचेच्या भांड्यातला हा आकडा माणसाच्या वेळापत्रकाला जसाच्या तसा चिकटवू नये. पण सलग वीस वेळांपेक्षा वेगवेगळ्या दिवशी पाच वेळा बरं, याला रेणूंच्या पातळीवरही आधार आहे.

पुढची गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते आणि अभ्यासाच्या संदर्भात ती क्वचितच सांगितली जाते. नवी प्रथिनं पेशीत तयार होतात तेव्हा हजारो सांध्यांपैकी कुठे जायचं हे त्यांना कसं कळतं? फ्राय आणि मॉरिस यांनी १९९७ मध्ये दाखवलं की उत्तेजित झालेला सांधा स्वतःवर तात्पुरती खूण लावून ठेवतो. ती तास-दोन तास टिकते, आणि तेवढ्यात पेशीत प्रथिनं उपलब्ध झाली तर खूण लावलेला सांधा ती ओढून घेतो. गंमत अशी की प्रथिनं त्याच प्रसंगामुळे तयार व्हायला हवीत असं नाही. उंदराला अगदी हलकं शिकवलं की एरवी ते दुसऱ्या दिवशी विसरतं. पण शिकवण्याच्या तासाभर आधी किंवा नंतर त्याला अनोळखी जागेत हिंडू दिलं तर तीच फिकी आठवण टिकते. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी हे उंदरांत २००७ मध्ये दाखवलं आणि २०१३ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळांत पडताळून पाहिलं. वर्गात गोष्ट वाचून दाखवली, आणि तासाभराच्या अंतराने मुलांना विज्ञानाचा किंवा संगीताचा अगदी नवा, अनपेक्षित तास दिला. त्या मुलांना गोष्ट जास्त आठवली. तोच नवा तास चार तासांच्या अंतराने दिला तर फायदा दिसला नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ: जड प्रकरणाच्या मागेपुढे तासाभरात काहीतरी खरोखर नवं ठेवा. न पाहिलेल्या गल्लीतून चक्कर, कधी न ऐकलेला राग, काहीही. रोजच्या कट्ट्यावरचा रोजचा चहा यात बसत नाही, त्यात नवं काही नसतं.

मात्र नवं आणि सारखं यांत गल्लत करू नका, सारखं असेल तर ते घात करतं. तुमच्याच अभ्यासक्रमातलं उदाहरण घ्या. पुरंदरचे तह दोन आहेत. १६६५ चा, शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्यातला, त्यात तेवीस किल्ले द्यावे लागले. आणि १७७६ चा, पेशवे दरबार आणि इंग्रजांतर्फे आलेला कर्नल अप्टन यांच्यातला, राघोबादादांच्या प्रकरणातून निघालेला. हे दोन्ही एका बैठकीत पाठोपाठ वाचले की पेपरात किल्ले अप्टनला जातात. किल्ला तोच, तह हा शब्द तोच, म्हणजे खूण तीच आणि जोडायचा मजकूर वेगळा. हिप्पोकॅम्पसच्या दाराशी असलेला डेंटेट गायरस हा भाग मिळतेजुळते अनुभव वेगळे ठेवायचं काम करतो, पण त्याला फरक ठळक करून द्यावा लागतो. उपाय असा. पहिला तह एका दिवशी त्याच्या आधी-नंतरच्या घटनांसकट करा. दुसरा दोन दिवसांनी, सुरतेच्या तहापासून सालबाईपर्यंतच्या साखळीत घाला. दोन्ही वेगवेगळे बसल्याची खात्री झाली की मगच शेजारी-शेजारी ठेवून तुलना करा. तुलना हवीच, ती फक्त नंतर.

अभ्यास संपल्यावरची पहिली दहा मिनिटंही मोलाची असतात. २०१२ च्या एका प्रयोगात वयस्क लोकांना गोष्ट ऐकवून काहींना दहा मिनिटं मंद उजेडात नुसतं बसू दिलं आणि काहींना चित्रांतले फरक ओळखायचा खेळ दिला. नुसतं बसलेल्यांना आठवड्यानंतरही गोष्ट जास्त आठवत होती. त्यामुळे पुस्तक मिटताच मोबाईल उघडून रील्स पाहणं हे विश्रांतीत मोजू नका. डोळे मिटून पडा किंवा गॅलरीत उभे राहा.

आता झोप. उंदीर एखाद्या वाटेने धावतो तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या ठरावीक पेशी ठरावीक जागी पेटतात. नंतर तो झोपला की त्याच पेशी पुन्हा एकत्र पेटतात, हे विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये नोंदवलं. पुढच्या संशोधनात दिसलं की क्रमही तोच असतो, पण वेग कितीतरी पट जास्त. काही सेकंदांची धाव सेकंदाच्या अंशात उरकते. या फेरीच्या वेळी हिप्पोकॅम्पसमध्ये अतिवेगवान लहरींचा झटका येतो, त्याला रिपल म्हणतात. उंदरात त्याची गती सेकंदाला दीडशे ते अडीचशे आंदोलनं. गाढ झोपेत कॉर्टेक्सच्या संथ लहरी सेकंदाला एकाहून कमी असतात. संथ लहर वर चढली की तिच्यावर थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या भागाकडून आलेलं स्पिंडल, म्हणजे लहरींचा छोटा पुंजका, बसतं, सेकंदाला साधारण बारा ते पंधरा आंदोलनांचं, आणि त्या स्पिंडलच्या खाचेत रिपल येऊन पडतो. ही तिहेरी जुळणी साधली की हिप्पोकॅम्पसमधला मजकूर कॉर्टेक्सला पोचतो. नुसता योगायोग नाही हा: २००९ मध्ये झोपलेल्या उंदरांत प्रत्येक रिपल सुरू होताच विजेच्या हलक्या झटक्याने मोडला, तर झोप पूर्ण होऊनही त्यांचं शिकलेलं कच्चं राहिलं. माणसांवरचा प्रयोग आणखी मजेदार. २००७ मध्ये लोकांना गुलाबाचा वास देत पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा लक्षात ठेवायला लावल्या. रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा सोडला तर सकाळी जागा जास्त बरोबर आल्या.

हे जागेपणी का होत नाही? थोडंसं होतं, शांत बसलेलं असताना. पण जागेपणी मेंदूत ॲसिटिलकोलिन हे रसायन भरपूर असतं आणि ते हिप्पोकॅम्पसला आत घेण्याच्या कामाला लावतं. गाढ झोपेत त्याची पातळी खाली जाते, तेव्हाच मजकूर बाहेर, कॉर्टेक्सकडे वाहतो. एकाच वेळी माल उतरवणं आणि चढवणं जमत नाही.

आता तुमच्या जागरणाचा हिशेब मांडता येईल. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात असते. उत्तरार्धात स्पिंडलांनी भरलेली मध्यम झोप आणि स्वप्नांची रेम झोप जास्त. चार वाजेपर्यंत वाचून सात वाजता उठलात तर थोडी गाढ झोप मेंदू वसूल करतो, बाकीचं बुडतं. शिवाय न झोपलेला हिप्पोकॅम्पस दुसऱ्या दिवशीचं नवंही नीट घेत नाही, म्हणजे नुकसान दोन्ही बाजूंनी. जागून केलेलं सकाळच्या पेपरापुरतं येतं, म्हणूनच ही पद्धत चांगली आहे असा समज टिकून आहे. उद्या पेपर असेल आणि प्रकरण उघडलंच नसेल तर जागा, माझी हरकत नाही. फक्त ते महिनाभर टिकेल ही अपेक्षा सोडा.

पहाटेचा अभ्यास खरा ठरतो तो पहाटेमुळे नाही, त्याआधी झोप झालेली असते म्हणून, आणि घर शांत असतं म्हणून. दहाला झोपून पाचला उठत असाल तर उत्तम. बाराला झोपून चारचा गजर लावत असाल तर तुम्ही रात्रीचा उत्तरार्ध कापताय, त्यात फायदा काही नाही. पाठांतराचा मजकूर झोपण्याच्या आधी तासभर आणि समजून घ्यायचा, गणिताचा मजकूर सकाळी, ही विभागणी बहुतेकांना मानवते. झोपेआधी वाचलेल्यावर दिवसभराच्या इतर गोष्टींचं आक्रमण होत नाही, एवढं साधं कारण आहे.

तिसरं काम सर्वांत संथ. किम आणि फॅन्सेलो यांनी १९९२ मध्ये उंदरांना एका पिंजऱ्यात सौम्य शॉक देऊन त्या पिंजऱ्याची भीती शिकवली. दुसऱ्या दिवशी हिप्पोकॅम्पस निकामी केला तर भीती गेली. अठ्ठावीस दिवसांनी केला तर राहिली. तेवढ्यात आठवणीचा आधार कॉर्टेक्समध्ये उभा राहिला होता. तो तिथे नंतर नेला जातो असंही नाही: २०१७ मध्ये दिसलं की प्रीफ्रंटल, म्हणजे कपाळामागच्या कॉर्टेक्समध्ये त्या आठवणीच्या पेशी पहिल्याच दिवशी ठरतात, फक्त मुक्या असतात, आणि दोनेक आठवड्यांत कामाच्या होतात. मेंदू हे इतक्या सावकाश का करतो? कॉर्टेक्सने प्रत्येक नवी गोष्ट एका फटक्यात कोरली तर जुन्या ज्ञानाची घडी विस्कटेल; म्हणून हिप्पोकॅम्पस पटकन टिपतो आणि कॉर्टेक्सला थोडं थोडं शिकवतो. या प्रवासात तपशील गळतात. १६६५ लक्षात राहतं; ते कोणत्या खोलीत, कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर वाचलं हे पुसट होतं. प्रसंग जसाच्या तसा, रंगरूपासकट आठवायचा तर हिप्पोकॅम्पस कायमच लागतो असं मानणारा एक मोठा गट आहे, आणि रुग्ण पाहता मला त्यांचं म्हणणं पटतं.

ही संथ चाल वाढवता येते. मॉरिस यांच्याच गटाने २००७ मध्ये उंदरांना आधी काही आठवडे एका मैदानातल्या जागा आणि तिथे मिळणारे खाण्याचे स्वाद यांचा नकाशा शिकवला. मग त्यात दोन नव्या जोड्या घातल्या. त्या एकदाच शिकवूनही अठ्ठेचाळीस तासांत हिप्पोकॅम्पसविना टिकू लागल्या. आधीची चौकट तयार असेल तर नवं लवकर रुजतं. म्हणून सनावळ्या आधी पाठ करू नका. आधी शतकाची कच्ची रेघ, दहाबारा घटनांची, तोंडी सांगता येईल इतकी पक्की करा. तह, लढाया, कारभारी नंतर तिच्यावर टांगा.

आता उजळणी. इथे बहुतेकांची चूक एकच असते: पुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी दोनदा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर उलटं, ४२ विरुद्ध ५६. बघून वाचताना कॉर्टेक्सला मजकूर आयता मिळतो. आठवून काढताना अर्धवट खुणेवरून पूर्ण जाळं पेटवावं लागतं, आणि तोच सराव परीक्षेत लागतो. पद्धत साधी आहे. कोरा कागद घ्या, वर फक्त शीर्षक लिहा, दहा मिनिटं जे आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून लाल पेनाने चुका आणि राहिलेलं भरा. पुढच्या वेळी लाल भागापासून सुरुवात.

अंतर किती? सेपेडा यांच्या गटाचा २००८ चा अभ्यास तेराशेहून अधिक लोकांवरचा आहे. परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन वाचनांतलं अंतर त्या मुदतीच्या २० ते ४० टक्के, म्हणजे दीड ते तीन दिवस. वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के, म्हणजे तीन ते पाच आठवडे. हा आकडा एकाच उजळणीचा आहे. अनेक उजळण्या करायच्या तर पहिली दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या-पाचव्या दिवशी, मग दोन आठवड्यांनी, मग दीड महिन्याने असं मी सुचवेन. कागदावर पाऊण भाग बरोबर येत असेल तर अंतर वाढवा. अर्धाही येत नसेल तर कमी करा. सगळंच्या सगळं सहज येत असेल तर तुम्ही फार लवकर उजळणी करताय.

वेदपाठशाळेत संथा देऊन झाली की विद्यार्थी पोथीत न बघता म्हणतो, आणि पुढे क्रम, जटा, घन असे पाठ करताना तेच शब्द मागे-पुढे उलटसुलट जोडतो. त्यामुळे प्रत्येक शब्दाला दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची खूण मिळते. पाढे मात्र आपण एकाच दिशेने म्हणतो. म्हणून आठ सत्ते किती असं मध्येच विचारलं की पुष्कळांना आठ एके आठपासून गाडी सुरू करावी लागते. क्रमाने पाठ केलेलं क्रमानेच बाहेर येतं. एमसीक्यू मध्येच विचारतो, तेव्हा उजळणी उलट्या बाजूनेही करा: तहावरून साल, सालावरून तह, माणसावरून दोन्ही.

आठवण काढल्याने ती पुन्हा काही काळ कच्ची होऊ शकते, हेही लक्षात ठेवा. नेडर, शाफे आणि लेडू यांनी २००० मध्ये दाखवलं: उंदरांची पक्की झालेली भीती एकदा जागवून लगेच ॲमिग्डला या मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागात प्रथिननिर्मिती रोखली तर ती पुसली गेली, सहा तासांनी रोखली तर राहिली. दर वेळी असं होत नाही. अपेक्षेपेक्षा काही वेगळं घडलं तर आठवण उघडण्याची शक्यता जास्त, आणि माणसांवरचे निकाल संमिश्र आहेत. पण व्यवहारात निष्कर्ष एकच: चुकीचं उत्तर आठवून तसंच सोडलं तर तेच घट्ट होतं. गटचर्चेत कुणीतरी ठासून सांगितलेलं चुकीचं साल महिनोन्‌महिने छळतं ते यामुळे. तपासणी त्याच बैठकीत करा.

आणि पाटी खरोखर कोरी नसते. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं की पूर्ण विसरलेली यादी दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. २०१५ मध्ये टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत तर प्रथिननिर्मिती रोखल्याने विसरलेली भीती उंदराच्या त्याच पेशी प्रकाशाने पेटवून परत आणली गेली. जाळं शिल्लक होतं, तिथपर्यंतची वाट नव्हती. पंधरा दिवसांनी काही आठवत नाही म्हणून प्रकरण पहिल्यापासून सुरू करू नका, कोऱ्या कागदापासून करा.

ताणाबद्दल थोडक्यात. शिकल्यानंतरची थोडी उत्तेजना, नॉरॲड्रिनलिन या रसायनामार्फत ॲमिग्डलाला जागवून, आठवण घट्ट करते. भीतीचे प्रसंग म्हणूनच विसरत नाहीत. पण आठवून काढण्याच्या वेळी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं असेल तर आलेलंही ओठांवर अडतं. घड्याळ लावून, अनोळखी जागी सराव पेपर सोडवले की हॉलमध्ये हे कमी होतं.

शेवटी, अभ्यासाची पद्धत बरोबर असूनही काहीच टिकत नसेल तर शरीराकडे बघा. दारूच्या अमलाखाली हिप्पोकॅम्पस टिपणंच थांबवतो, शिवाय ती झोपेचाही विचका करते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या नवी आठवण बसू देत नाहीत. एंडोस्कोपीच्या आधी मिडाझोलाम दिलेला पेशंट डॉक्टरांशी बोलतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही, तो याच गटाचा परिणाम. सर्दीच्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिन ॲसिटिलकोलिन अडवतं. आठवडाभर रोज घेत असाल तर फरक जाणवू शकतो. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते. ती, थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन एवढ्या रक्ततपासण्या आधी करून घ्या. स्मरणशक्तीच्या नावाने मिळणाऱ्या सिरपांपेक्षा त्या स्वस्त पडतात. आणि घरातलं कुणी अचानक तेच तेच प्रश्न दर दोन मिनिटांनी विचारू लागलं, मी इथे कसा आलो, आज वार कोणता, तर वाट न बघता इस्पितळात न्या. पुष्कळदा तो हिप्पोकॅम्पसचा तात्पुरता अडथळा असतो आणि चोवीस तासांच्या आत निवळतो, पण पक्षाघात किंवा फिट नाही हे आधी ठरवावं लागतं. एमआरआय पहिल्या काही तासांत साफ येऊ शकतो. या अडथळ्याची खूण असलेला बारीक ठिपका बहुधा एक ते तीन दिवसांनी दिसतो, म्हणून गरज पडल्यास एमआरआय परत काढायला सांगतात.